क्षेपणास्त्र उशिरा का येते आणि त्याचा जाब कोण विचारतो? नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

मी तीसेक वर्षे दारूगोळ्याच्या तपासणीत काढली. निवृत्त झाल्यापासून वाडीत राहतो. मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरनंतर ओळखीच्या माणसांचे प्रश्न एकदम वाढले. अंबाझरीला फिरायला येणारे, हिंगण्यात छोटी युनिट चालवणारे, कॉलेजातली मुले, सगळ्यांचेच. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह लिहून ठेवतो आहे. नोकरीत हाती आलेले कोणतेही गोपनीय कागद यात नाहीत. जे आहे ते संसदेत मांडलेल्या अहवालांतले, सरकारने जाहीर केलेले किंवा कोणत्याही कारखान्यातला जुना माणूस सांगेल असे.

काका, क्षेपणास्त्रांचा आणि नागपूरचा संबंध तरी काय?

पुष्कळ आहे. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत तोफगोळ्यांची कवचे आणि पिनाका रॉकेटचे धातूचे भाग होतात. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटके आणि प्रणोदक, म्हणजे रॉकेटला ढकलणारी दारू, तयार होते. भद्रावतीच्या चांदा निर्माणीत दारूगोळ्याची भराई होते. अमरावती रोडवर बाजारगाव-कोंढाळीच्या पट्ट्यात खासगी स्फोटक कारखाने आहेत. ब्रह्मोसचेही एक केंद्र नागपुरात आहे, आणि वर्धा जिल्ह्यातले पुलगाव म्हणजे लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या यंत्र इंडियाचे मुख्यालय इथे नागपुरात आहे. भंडारा आणि चांदा मात्र पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने पिनाकाच्या रॉकेटांसाठी एकूण १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. त्यातला एक नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज या खासगी कंपनीशी आहे आणि एक म्युनिशन्स इंडियाशी. म्हणजे पिनाकाला उशीर झाला तर तो आपल्या घरातला उशीर आहे. दिल्लीचे ते पाहून घेतील असे म्हणून आपल्याला बाजूला होता येत नाही.

पिनाका हे क्षेपणास्त्र की रॉकेट?

मूळचे रॉकेट. एका वाहनावर बारा, आणि बाराही ४४ सेकंदांत सुटतात. जुन्या रॉकेटचा पल्ला ३७-३८ किलोमीटर, सुधारिताचा ४५ च्या आसपास. नव्या प्रकारात दिशा देणारी यंत्रणा बसवली आहे, त्याचा पल्ला ७५ किलोमीटरपुढे जातो. दिशा देता आली की ते व्यवहारात क्षेपणास्त्रच, आणि तपासणीही तितकीच किचकट होते.

पेपरात येते, ‘अमुक हजार कोटींच्या क्षेपणास्त्र खरेदीला मंजुरी’. मग दोन वर्षांनीही माल नाही. असे कसे?

कारण ती मंजुरी खरेदीची नसते. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण खरेदी परिषद बसते. कारगिलनंतर, २००१ मध्ये ती स्थापन झाली. ती आधी फक्त एवढेच मान्य करते की ही वस्तू लष्कराला खरोखर हवी आहे. कागदावर त्याला ‘गरजेची स्वीकृती’ म्हणतात. त्यानंतर निविदा, तांत्रिक छाननी, सैन्याच्या हातून चाचण्या, भावाची घासाघीस, मोठी रक्कम असेल तर मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीची परवानगी, आणि मग कुठे करारावर सही. हे सगळे ‘संरक्षण खरेदी प्रक्रिया’ या नियमावलीप्रमाणे चालते.

लग्नाच्या बोलणीलाच लग्न समजण्यासारखा हा घोळ आहे. बातमी वाचताना एवढेच पाहा: ‘स्वीकृती’ लिहिले आहे की ‘करार’? वितरणाचे घड्याळ करारापासून सुरू होते.

मग उशीर नेमका कुठे होतो?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘नाग’ या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचेच पाहा. १९८३ मध्ये एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम मंजूर झाला. त्यात पृथ्वी, अग्नी, त्रिशूळ, आकाश आणि नाग अशी पाच नावे होती. नागची शेवटची वापरकर्ता चाचणी पोखरणला झाली २२ ऑक्टोबर २०२० रोजी. आणि ते क्षेपणास्त्र डागणाऱ्या साखळीपट्ट्याच्या वाहनाचा करार झाला मार्च २०२५ मध्ये. मधे एक पिढी नोकरीला लागून निवृत्त झाली. त्यातला मी एक.

मधल्या काळात काय झाले? नाग उष्णतेवरून लक्ष्य ओळखते. राजस्थानच्या उन्हाळ्यात रणगाडाही तापतो आणि भोवतालची वाळूही तापते. दोघांच्या तापमानात फरकच उरला नाही की लांबच्या पल्ल्यावर त्याला रणगाडा वेगळा दिसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सीताबर्डीच्या रस्त्यावर उभे राहून पाहा, हवाच कशी लहरते ते. ही अडचण खरी होती, आणि तिला वेळ लागणे मी समजू शकतो. पण त्याच वर्षांत लष्कराची गरजही बदलत गेली, आणि २०१९ मध्ये तातडीची गरज म्हणून इस्रायलची स्पाइक क्षेपणास्त्रे थोड्या संख्येने घ्यावी लागली.

दुसरी जागा म्हणजे प्रयोगशाळेतून कारखान्यात येणे. शास्त्रज्ञ दहा-बारा नग स्वतःच्या हाताने, रात्री जागून, एकेक भाग निवडून जुळवतात. ते उडतात. मग तेच रेखाचित्र कारखान्यात येते आणि महिन्याला शेकडो नग काढायला सांगतात. आता भाग निवडून जुळवता येत नाहीत, हाताला येईल तो कोणताही भाग बसायला हवा. इथे पहिल्यांदा कळते की रेखाचित्रात मापांना दिलेली कमी-जास्तीची सूट फार घट्ट आहे, किंवा फार सैल. मग बदलाचा कागद निघतो, तो वर जातो, पुण्याच्या किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेत अडकतो, परत येतो. तोवर मशीन उभे. आमच्या बोलण्यात हाच खरा उशीर, आणि तो कोणत्याही बातमीत येत नाही.

तिसरी जागा परदेशी भागांची. आणि चौथी भ्रष्टाचाराच्या आरोपांची. बिहारमधल्या नालंद्याला तोफांच्या दारूचा कारखाना व्हायचा होता. त्याला तंत्रज्ञान देणारी दक्षिण आफ्रिकेची डेनेल कंपनी २००५ मध्ये आरोपांवरून बाद झाली आणि प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला. आरोपांची चौकशी झालीच पाहिजे. पण चौकशी चालू असताना कारखान्याचे काय करायचे, याची दुसरी वाट सरकारने आधीच आखून ठेवायला हवी होती.

आकाश क्षेपणास्त्रांबद्दल कॅगने २०१७ मध्ये काय म्हटले होते? तीस टक्के नापास हे खरे का?

खरे आहे, पण पूर्ण वाचायला हवे. जुलै २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात कॅगने, म्हणजे सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थेने, लिहिले की हवाई दलाला नोव्हेंबर २०१४ पर्यंत जमिनीवरून हवेत मारा करणारी ८० आकाश क्षेपणास्त्रे मिळाली. त्यातली २० डागून पाहिली, त्यातली ६ फसली. काही लक्ष्याच्या अलीकडेच पडली, काहींचा वेग कमी भरला, काहींचे महत्त्वाचे भाग चालले नाहीत. साठवणीची ठरलेली सोय वेळेत झाली नाही, म्हणून काही क्षेपणास्त्रांचे आयुष्य वापराविना कमी झाले. ३,६०० कोटींहून जास्त रक्कम देऊन झाली होती, आणि ठरलेल्या सहापैकी एकाही तळावर यंत्रणा उभी नव्हती.

आता वीसात सहा म्हणजे तीस टक्के, हे गणित बरोबर. पण नमुना वीसाचाच आहे. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने खरे प्रमाण साधारण १२ पासून ५४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. म्हणून ‘तीस टक्के क्षेपणास्त्रे भंगार’ असे म्हणणे चुकीचे, आणि ‘सहाच तर फसली’ असे म्हणणे त्याहून चुकीचे. तपासणीतल्या माणसाला या आकड्यातून एकच गोष्ट ऐकू येते: थांबा, कारण शोधा, तोवर पुढचा माल घेऊ नका.

हेच आकाश मे २०२५ मध्ये पाकिस्तानी ड्रोन आणि क्षेपणास्त्रांविरुद्ध उभे होते आणि कामी आले. मला या गोष्टीचा मनापासून आनंद आहे. पण त्या यशाकडे पाहून २०१७ च्या अहवालाला ‘देशाचे मनोबल खचवणारा’ म्हणणारे लोक भेटतात, तेव्हा राहवत नाही. शांततेच्या काळात फसलेली सहा क्षेपणास्त्रे कुणीतरी मोजून लिहून ठेवली, हे आकाश डागणाऱ्या सैनिकाच्या बाजूचेच काम होते.

चाचणी फसली म्हणजे पैसा पाण्यात?

नाही. विकासातली चाचणी शिकण्यासाठी असते. अग्नी-३ ची पहिली चाचणी जुलै २००६ मध्ये फसली, एप्रिल २००७ मध्ये दुसरी यशस्वी झाली. निर्भय या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी मार्च २०१३ मध्ये अर्ध्यात थांबवावी लागली, पुढेही काही फसल्या, काही जमल्या.

उत्पादनातली चाचणी मात्र वेगळी. तिला आम्ही ‘प्रूफ’ म्हणतो. प्रत्येक लॉटमधले, म्हणजे एकत्र तयार झालेल्या खेपेतले, ठरावीक नग उचलायचे, इटारसी किंवा चांदीपूरच्या प्रूफ रेंजला पाठवायचे, डागायचे. ते नापास झाले की अख्खा लॉट अडतो. तिथे शिकण्याची मुभा नसते. तोवर सगळे शिकून झालेले असायला हवे.

नोकरीतली एक गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव सांगणार नाही. मार्चचा शेवटचा आठवडा होता, वर्षाचे उद्दिष्ट गाठायला एकच लॉट कमी पडत होता. मापात एक बाब सीमेबाहेर होती, केसाएवढी. साहेबांनी मला ओरडून काही सांगितले नाही. शांतपणे खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, ‘तुम्ही अनुभवी आहात, बघा काय करता येते.’ मी सही केली नाही. पुढचे सहा महिने माझ्याशी कोणी नीट बोलले नाही. तो लॉट नंतर दुरुस्त होऊन गेला. उशीर झाला, तो माझ्या नावावर लागला. रेखाचित्र चुकले होते आठ महिन्यांपूर्वी, ते कुणाच्याच नावावर लागले नाही.

म्हणजे एवढी तपासणी असते म्हणूनच उशीर होतो, असेही लोक म्हणतात.

मला हे मान्य नाही. तपासणी रांगेत शेवटी उभी असते. आधीच्या सगळ्या टेबलांवर झालेला उशीर तिच्या दारात येऊन साचतो आणि दिसतो तिथेच. तपासनीस कमी केले तर उशीर कमी होणार नाही, तो पुढे सरकेल. कारखान्यातून भांडारात, भांडारातून तोफेपाशी.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. तीन-तीन संस्थांनी एकाच मापाची पुन्हा पुन्हा मोजणी करणे हे कामाचे नाही. तिथे कात्री लावा, माझी हरकत नाही.

डीआरडीओचे, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेचे, किती प्रकल्प उशिरा झाले?

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत आलेल्या कॅग अहवालात १७८ ‘मिशन मोड’ प्रकल्प तपासले आहेत. त्यातले ११९ ठरलेल्या वेळेत झाले नाहीत. ४९ प्रकल्पांना मूळ मुदतीच्या दुपटीहून जास्त वेळ लागला. उशीर १६ टक्क्यांपासून ५०० टक्क्यांपर्यंत. यशस्वी म्हणून बंद केलेल्या ८६ प्रकल्पांपैकी २० मध्ये एखादे मुख्य उद्दिष्ट पूर्णच झाले नव्हते.

मिशन मोड प्रकल्प म्हणजे सैन्याने मागणी केलेली आहे आणि तंत्रज्ञान साधारण हातात आहे असे काम. अशा कामात पाचपट जादा वेळ लागतो तेव्हा काम करणाऱ्यांचा आळस हे कारण क्वचितच असते. सुरुवातीला दिलेली तारीखच खोटी असते. मंजुरी मिळावी म्हणून तीन वर्षे लिहायची, सहा लागणार हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक. मला राग येतो तो या तारखेचा. शेवटच्या आकड्यापेक्षा जास्त बोचतात ते त्या वीस प्रकल्पांवरचे ‘यशस्वी’ शिक्के.

आपल्या सिव्हिल लाइन्सचे महालेखाकार कार्यालय अंबाझरीचे ऑडिट करते का?

नाही. ते राज्य सरकारच्या हिशेबाचे. संरक्षणाचे लेखापरीक्षण कॅगच्याच वेगळ्या शाखा करतात. २०२१ नंतर यंत्र इंडियासारख्या कंपन्यांचे लेखापरीक्षक कंपनी कायद्याखाली कॅग नेमते आणि वर स्वतःही पूरक तपासणी करू शकते. संविधानाच्या कलम १५१ प्रमाणे केंद्राविषयीचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो आणि तिथून संसदेत.

संसदेत गेल्यावर पुढे काय?

लोकलेखा समिती. २२ खासदार, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७. ती निवडक परिच्छेद घेते, सचिवांना बोलावते, लेखी उत्तर मागते. याशिवाय ३१ खासदारांची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे, ती दरवर्षी अर्थसंकल्पातल्या मागण्या तपासते. तिचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर असतात आणि ते वाचणारा माणूस मला आजवर क्वचितच भेटला. क्षेपणास्त्रांची थकबाकी, रिकामी पदे, न वापरलेला निधी हे सगळे त्यात प्रश्नोत्तरांसकट सापडते.

कॅगचे संरक्षणविषयक सगळे अहवाल मात्र संकेतस्थळावर टाकले जात नाहीत, सभागृहात मांडले गेले तरी. शत्रू वाचेल ही भीती मला समजते. पण संसदेत मांडलेला कागद नागरिकाला सहज मिळू नये, हे मला पटत नाही.

हिवाळी अधिवेशन तर नागपुरातच होते. तिथे हा प्रश्न का उचलत नाहीत?

संरक्षण हा केंद्राचा विषय आहे, विधानसभा त्यावर मंत्र्याला जाब विचारू शकत नाही. त्यासाठी आपल्या खासदाराला गाठा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न येऊ शकतात. अतारांकितला लेखी उत्तर मिळते, आणि आकडे हवे असतील तर तेच जास्त उपयोगाचे.

पण खासगी स्फोटक कारखान्यातल्या कामगारांची सुरक्षा राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे येते. तो प्रश्न हिवाळी अधिवेशनात नक्की विचारता येतो, आणि विचारलाच पाहिजे. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे तर मुख्यालयच सेमिनरी हिल्सला आहे.

उशीर भरून काढायच्या घाईचा कामगारांवर काय परिणाम होतो?

हे लिहिताना हात जड होतो. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या खासगी कारखान्यात स्फोट होऊन ९ जण गेले. त्यात तरुण मुली होत्या, आसपासच्या गावांतल्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीत किमान ८ जण गेले. या स्फोटांची कारणे काय, ते ठरवायला मी इथे बसलेलो नाही. ते चौकशीचे काम. मी फक्त सांगतो की दारूच्या इमारतीत किती माणसे असावीत, किती किलो माल असावा, हे आकडे दारावर लिहिलेले असतात आणि ते कुणाच्या तरी मरणातून शिकून लिहिलेले असतात. उत्पादन वाढवायचे म्हणजे इमारती वाढवायच्या. त्याच इमारतीत माणसे वाढवून चालत नाही.

आणि पुलगाव. ३०-३१ मे २०१६ च्या रात्री भांडाराला आग लागली, सोळाहून जास्त जवान, अधिकारी आणि अग्निशमन कर्मचारी गेले. टीएनटी हे स्फोटक झिरपणारे सदोष रणगाडाविरोधी सुरुंग तिथे साठवलेले होते, आणि बोट त्यांच्याकडेच गेले. सदोष माल वेळेत उचलून नष्ट करणे हीदेखील देखरेख आहे. ती कुणाच्याही उद्दिष्टात धरली जात नाही, तिच्यासाठी मार्चअखेर कुणी धावत नाही.

माहितीच्या अधिकारात विचारता येईल का?

डीआरडीओ या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. म्हणजे भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडले तर तिथून माहिती मिळत नाही. आयुध निर्माणीच्या कंपन्यांना तशी सरसकट सूट नाही, पण सुरक्षेला बाधा येईल ती माहिती त्या नाकारू शकतात. म्हणून पल्ला, साठा, संख्या विचारत बसू नका. अपघात किती झाले, चौकशी अहवाल कधी सादर झाला, किती तपासनीस पदे रिकामी आहेत, उशिरासाठी पुरवठादारांकडून किती दंड वसूल झाला, हे विचारा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. नकार आला तर पहिले अपील करा. बरेच लोक तिथेच सोडून देतात.

माझे हिंगणा एमआयडीसीत छोटे युनिट आहे. माल वेळेत दिला, पैसे अडकले. उशिराचा दंड मात्र माझ्याकडून कापतात.

ही तक्रार मी फार ऐकतो, आणि बहुतेक वेळा ती खरी असते. उद्यम नोंदणी असेल तर कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पुढे चक्रवाढ व्याज. त्यासाठी सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. दंडाबद्दल एकच सल्ला: रेखाचित्र उशिरा आले, तपासनीस उशिरा आला, कच्च्या मालाचा नमुना अडकला, ते त्या त्या दिवशी पत्राने कळवा. फोनवर सांगितलेले कुठेच टिकत नाही.

तातडीच्या खरेदीत देखरेख राहते का?

कमी राहते. गलवाननंतर, २०२० मध्ये, सैन्यदलांना एका करारासाठी ३०० कोटींपर्यंत थेट खरेदीचे अधिकार मिळाले. संकटात हे लागते. पण तातडी दरवर्षी येऊ लागली तर नेहमीची खरेदी कुठे तुंबली आहे, हे आधी विचारायला हवे.

‘यशस्वी चाचणी’ ही बातमी नीट कशी वाचायची?

चार गोष्टी शोधा. डागले कुणी, शास्त्रज्ञांनी की सैन्याने? किती डागले? प्रयोगशाळेतला नग होता की कारखान्याच्या लॉटमधला? आणि लाँचर नवा होता की सैन्यात आधीपासून असलेला?

नोव्हेंबर २०२४ मध्ये दिशादर्शित पिनाकाच्या चाचण्यांची माहिती आली. तीन टप्प्यांत, वेगवेगळ्या फायरिंग रेंजवर, सैन्यातल्याच दोन सुधारित लाँचरांवरून, प्रत्येक उत्पादकाची बारा-बारा रॉकेटे डागली होती. चारही उत्तरे त्यात होती. ते पत्रक मी कापून वहीत चिकटवले आहे. कुणी ‘यशस्वी’ची बातमी घेऊन आला की वही पुढे करतो आणि म्हणतो, यात जेवढे आहे तेवढे त्यात आहे का, ते आधी पाहू.